वेळेचा शिक्का

पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अडीच फुटी रुळांची आगगाडी खानदेशांतील कित्येक पिढ्यांनीं पाहिली. लोक तिला पी. जे. म्हणत. ५६ किलोमीटरांची ती वाट गाडी रमतगमत काटीत असे. २०२० सालच्या टाळेबंदींत ती थांबली. गाडी संथ असली तरी स्टेशनांतील घड्याळास मात्र संथ राहण्याची मोकळीक नव्हती. एकेरी मार्गावर कोणती गाडी केव्हां सुटली व केव्हां पोंचली, याची नोंद दोन्ही टोकांस एकाच वेळेच्या हिशेबानें व्हावी लागते. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत रोज सोळा वाजतां, म्हणजे दुपारीं चार वाजतां, प्रमुख स्टेशनांस प्रमाणवेळ कळविण्याचें कलम आहे, तें याचसाठीं. इशारा आला कीं घड्याळाचे कांटे पाहावयाचे, आणि फरक पडला असल्यास तो काढून टाकावयाचा.

ही प्रमाणवेळ कांहीं आकाशांतून उतरलेली नाहीं. जामनेरच्या माथ्यावर सूर्य येतो तो प्रमाणवेळेच्या माध्यान्हानंतर सरासरीनें २७ मिनिटांनीं. एकोणिसाव्या शतकांत आगगाड्या मद्रासच्या वेळेनें चालूं लागल्या, मुंबई शहर स्वतःच्या वेळेनें चाले, आणि दोहोंत अर्ध्या तासाचें अंतर असे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली. तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. वेळ एक करणें हा हुकमाचा विषय आहे. घड्याळें एक करणें हा मोजणीचा विषय आहे, आणि प्रस्तुत भाषणाचा संबंध या दुसऱ्या विषयाशीं आहे.

दोन गांवचीं घड्याळें जुळतात कीं नाहीं, हें गाडीच्याच साह्यानें ओळखतां येतें. समजा, पाचोऱ्याच्या घड्याळांत आठ वाजले असतां गाडी सुटली आणि जामनेरच्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटें झालीं असतां ती पोंचली. जामनेरहून ती अकरा वाजतां परत निघाली व पाचोऱ्याच्या घड्याळाप्रमाणें बारा वाजून पन्नास मिनिटांनीं आली. जातांना १३० मिनिटें लागलेलीं दिसतात, येतांना ११०. गाडीची चाल दोन्ही खेपांस सारखीच असेल, तर खरा प्रवास १२० मिनिटांचा ठरतो, आणि जामनेरचें घड्याळ दहा मिनिटें पुढें आहे हें उघड होतें. दोन्ही आकड्यांतील फरकाची निमपट करावयाची, एवढाच हा हिशेब.

आतां जामनेरच्या मास्तरांनीं गाडी फलाटाला लागतांच नोंद केली नाहीं. उतारूंचीं तिकिटें घेतलीं, पार्सलें उतरवून घेतलीं, चहा घेतला, आणि मग आठ मिनिटांनीं वहींत वेळ टिपली असें धरावें. जातांनाचे १३० मिनिटांचे १३८ झाले. फरक २८, त्याची निमपट १४. घड्याळ चौदा मिनिटें पुढें आहे असा निष्कर्ष निघेल, आणि तो चार मिनिटांनीं खोटा असेल. दुसऱ्या दिवशीं चहाला तीनच मिनिटें लागलीं तर चूक दीड मिनिटाची होईल. घड्याळाची चाल बिघडलेली नाहीं, गाडीनें उशीर केलेला नाहीं, बेरीज-वजाबाकीहि चोख आहे. नोंद फलाटावर न होतां कचेरींत झाली, एवढ्यानेंच सारें फसलें. शिवाय ही चूक रोज निराळी असते, म्हणून ती एकदां मोजून कायमची वजाहि करतां येत नाहीं. खरी गोम येथेंच आहे.

संगणकांच्या जाळ्यांत हाच व्यवहार सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशांत चालतो. तारेवरून मजकूर सलग जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करून पाठवितात, आणि त्या तुकड्यास पॅकेट म्हणतात. दोन संगणक आपलीं घड्याळें जुळवूं लागले म्हणजे त्यांच्यांत पॅकेटांची एक जा-ये होते आणि चार वेळा टिपल्या जातात : येथून निघाल्याची, तेथें पोंचल्याची, तेथून निघाल्याची, येथें पोंचल्याची. पुढचा हिशेब पाचोरा-जामनेरचाच. अमेरिकेंतील डेव्हिड मिल्स यांनीं या पद्धतीची संहिता १९८५ सालीं प्रसिद्ध केली, आणि आजहि जगांतील बहुतेक संगणक तिच्याच आधारें आपली वेळ राखतात. तिच्याहून पुष्कळ काटेकोर अशी दुसरी संहिता २००२ सालीं निघाली व २००८ सालीं सुधारली. तिचा क्रमांक १५८८. तिचा रोख सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाकडे, म्हणजे मायक्रोसेकंदाकडे, आणि त्याच्याहि खालच्या नॅनोसेकंदाकडे आहे. एका मायक्रोसेकंदांत हजार नॅनोसेकंद असतात.

इतक्या बारीक मापानें पाहूं लागल्यावर संगणकाचें पोट हें एक लांबलचक घर ठरतें. तारेवरून आलेलें पॅकेट प्रथम जाळ्याच्या कार्डावर उतरतें. कार्ड तें स्मृतींत ठेवून मुख्य प्रक्रियकास हांक मारतें. प्रक्रियक त्या वेळीं दुसऱ्याच कामांत असतो. हातचें टाकून तो येतो, किंवा बरींचशीं पॅकेटें जमल्यावर एकदमच येतो. मग ऑपरेटिंग सिस्टिम पॅकेट उघडते, कोणाच्या नांवचें तें पाहते, रांगेंत लावते, आणि ज्या आज्ञावलीस तें हवें असतें तिची पाळी येईल तेव्हां तिच्या हातीं देते. आज्ञावलीनें तेव्हां घड्याळाकडे पाहिलें, तर तो जामनेरच्या मास्तरांचा चहा झाला. कधीं दहा मायक्रोसेकंद, कधीं शंभर, आणि यंत्र कामांत बुडालेलें असेल तर हजारांनीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश एका मायक्रोसेकंदांत सुमारें २०० मीटर जातो. पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत त्यास २८० मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे दोन गांवांमधलें अंतर तोडण्यास जेवढा वेळ लागत नाहीं, तेवढा कधीं कधीं यंत्राच्या उंबरठ्यापासून माजघरापर्यंत जाण्यांत मोडतो.

यावर उपाय एकच : शिक्का उंबरठ्यावरच मारावयाचा. यासाठीं कार्डावरच एक घड्याळ बसवितात. तें कांट्यांचें नसतें. तें ठोके मोजणारें साधें गणकयंत्र असतें. सेकंदाला १२.५ कोटि ठोके पडत असतील तर दर ठोक्याला त्यांत ८ नॅनोसेकंदांची भर पडते. पॅकेटाच्या आरंभाची खूण तारेवरून आंत आली किंवा बाहेर पडली, कीं त्या क्षणींचा आकडा कार्ड आपल्या एका खणांत धरून ठेवतें. प्रक्रियक झोपलेला असो वा जागा, त्या आकड्यांत फरक पडत नाहीं.

कोणास वाटेल कीं इतक्या बारकाव्याची गरज शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेबाहेर कोणास असणार? जामनेरकरांनीं ही शंका घेण्यापूर्वीं भुसावळकडे पाहावें. भुसावळजवळ दीपनगर येथें कोळशावर वीज तयार होते व उंच मनोऱ्यांवरच्या तारांनीं दूरदूर जाते. या विजेची लहर सेकंदाला ५० वेळां वरखालीं होते. एक लहर २० मिलिसेकंदांची. नव्या पद्धतीच्या उपकेंद्रांत तारेंतील प्रवाह व दाब सेकंदाला ४,००० वेळां मोजतात आणि ते आकडे पॅकेटांत घालून रक्षकयंत्रांकडे पाठवितात. तारेच्या एका टोकास जेवढा प्रवाह शिरतो तेवढाच दुसऱ्या टोकास बाहेर पडतो कीं नाहीं, हें रक्षकयंत्र ताडून पाहतें. तफावत दिसली तर मध्यें कोठें तरी दोष आहे असें समजून तार तोडून टाकतें. पण ताडावयाचे दोन आकडे एकाच क्षणाचे असले पाहिजेत. वेळ एका मिलिसेकंदानें चुकली तर लहरीवर १८ अंशांचें अंतर पडतें, आणि निरोगी तारेवर दोष असल्याचा भास होतो. चूक एका मायक्रोसेकंदावर आणली, कीं अंतर ०.०१८ अंश उरतें, आणि त्याची पर्वा करण्याचें कारण नाहीं.

या गोष्टीची किंमत देशानें एकदां मोजलेली आहे. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनीं बीना-ग्वाल्हेर मार्गाची तार तुटली. तेथें दोष कांहींच नव्हता. तारेवरील भार अतोनात वाढून दाब खालावला होता, आणि रक्षकयंत्रानें त्यासच दोष समजून तार तोडली. पाठोपाठ एकामागून एक तारा सुटत गेल्या आणि उत्तर विभाग अंधारांत बुडाला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तोच प्रकार होऊन उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग गेले. ६० कोटींच्या आसपास लोकांस त्याची झळ लागली. पश्चिम विभागाचें जाळें टिकलें, आणि त्यांत खानदेशहि आला. ही चूक घड्याळाची नव्हती, हें खरें. पण पुढें चौकशीस बसलेल्यांपुढें पहिला प्रश्न घड्याळाचाच होता. शेंकडों ठिकाणच्या नोंदींतून कोणती तार आधीं सुटली व कोणती नंतर, कारण कोणतें आणि परिणाम कोणता, हें ठरवावयाचें होतें. आणि दोन उपकेंद्रांचीं घड्याळें परस्परांस जुळलेलीं नसतील, तर मागचें पुढें दिसूं लागतें. साक्षीदार खोटा नसतो. त्याचें घड्याळ खोटें असतें.

घड्याळांविषयींचा आग्रह आतां सरकारनेंहि धरलेला आहे. देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत सीझियमच्या अणुघड्याळांवर राखली जाते. संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेनें एप्रिल २०२२ मध्यें आज्ञा काढून सर्व संस्थांस आपलीं यंत्रें या वेळेशीं जुळवावयास सांगितलें. आणि प्रमाणवेळ सर्वत्र बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. हुकूम झाले, हें योग्यच झालें. परंतु मोजणीचें काम हुकमानें होत नसतें.

तें कोण करतो? ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटलें कीं जामनेरांत पी. जे. च्या एंजिनावरील माणूस डोळ्यांसमोर येईल. येथें तो अर्थ नव्हे, पण अगदीं निराळाहि नव्हे. संगणकाच्या एकेका अवयवास हांकणारी जी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमच्या आंत बसविलेली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. कार्डावर उत्कृष्ट घड्याळ आहे, शिक्का मारण्याची सोय आहे. परंतु ड्रायव्हरास त्याची वार्ता नसेल, तर तो शिक्का कार्डाच्या खणांतच पडून राहतो आणि वरची आज्ञावली पूर्वींप्रमाणेंच माजघरांतल्या घड्याळाकडे पाहत बसते. मुक्या माणसाला सर्व दिसावें आणि सांगतां येऊं नये, तशी ही स्थिति.

लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची कथा या बाबतींत बोधप्रद आहे. तिच्यांत कार्डावरचा शिक्का वरपर्यंत पोंचविण्याची सर्वमान्य वाट २००९ सालीं पडली; इंटेल कंपनींतील पॅट्रिक ओली यांनीं ती घातली. कार्डावरील घड्याळ हें एक स्वतंत्र घड्याळ मानून तें वाचावें, सरकवावें, त्याची चाल कमीअधिक करावी, अशी सोय २०११ सालीं रिचर्ड कोक्रन यांच्या प्रयत्नानें झाली. वाट पडली म्हणून सारीं वाहनें तीवरून धांवूं लागलीं असें मात्र नाहीं. प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरांत ही भर निराळी घालावी लागते, आणि ती घालणाऱ्याची खरी कसोटी तेथें लागते.

आलेल्या पॅकेटाचें काम त्यांतल्या त्यांत सोपें. कांहीं कार्डें शिक्क्याचा आकडा पॅकेटाच्या अग्रभागींच चिकटवून देतात. ड्रायव्हरानें तो सोलून घ्यावयाचा आणि पॅकेटासोबत वर पाठवावयाचा. जाणाऱ्या पॅकेटाची गोष्ट विचित्र आहे. तें केव्हां निघालें हें तें निघून गेल्यावरच समजतें, आणि तोंपर्यंत तें हातचें गेलेलें असतें. म्हणून ड्रायव्हर त्याची एक प्रत जवळ ठेवतो, शिक्का हातीं आला कीं त्या प्रतीला जोडतो, आणि ती जोडी मूळ आज्ञावलीकडे परत करतो. लिनक्समध्यें ही जोडी परत येते ती चुकांची खबर देण्यासाठीं ठेवलेल्या रांगेंतून! ज्यास हें ठाऊक नसतें, तो आपलें कांहीं तरी चुकलें असें समजून रात्रभर जागतो. जाण्याची वेळ आधीं सांगतां येत नाहीं, म्हणूनच १५८८ च्या संहितेंत पहिल्या पॅकेटामागोमाग दुसरें पाठवून ‘मघाचें अमुक वेळीं निघालें’ असें कळविण्याची रीत आहे.

त्याहून कठीण प्रसंग कार्डाच्या कंजूषपणामुळें येतो. कांहीं जुन्या कार्डांत शिक्का ठेवण्यास खण एकच असतो. त्यांतील आकडा कोणी वाचून नेईपर्यंत कार्ड दुसरा शिक्का घेत नाहीं. टपालपेटींत एकच पत्र मावावें आणि शिपाई येईपर्यंत तोंड बंद राहावें, तसें. आतां आलेल्या पॅकेटावर शिक्का बसला, पण तें पॅकेट गर्दींत वाटेंतच टाकून दिलें गेलें, तर त्याच्या नांवचा आकडा वाचावयास कोणीच येत नाहीं. खण भरलेला तो भरलेलाच. त्या क्षणापासून एकाहि पॅकेटावर शिक्का बसत नाहीं, आणि बाहेरून पाहणाऱ्यास यंत्र धडधाकट दिसतें : पॅकेटें येतात, जातात, दिवे लुकलुकतात; फक्त वेळ मेलेली असते. इंटेलच्या एका कार्डमालिकेच्या लिनक्समधील ड्रायव्हरांत म्हणून एक पहारेकरी ठेवलेला आहे. तो ठराविक काळानें येऊन पाहतो. खणांत शिळा आकडा पडून असेल तर तो नुसताच वाचून टाकतो व खण मोकळा करतो. चार-दोन ओळींचें हें काम आहे. तें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, आणि त्यावांचून उपकेंद्रांतील घड्याळ एखाद्या रात्रीं मुकाट्यानें भरकटूं लागेल.

घड्याळाची चाल सुधारण्याचेंहि असेंच. पुढें गेलेल्या घड्याळाचे कांटे एकदम मागें ओढले, तर एकच क्षण दोनदां येतो आणि नोंदींत परिणाम कारणाच्या आधीं जाऊन बसतो. म्हणून कार्डाचें घड्याळ शक्यतों ओढीत नाहींत. दर ठोक्याला जी ८ नॅनोसेकंदांची भर पडते, तींतच केसाएवढी घट किंवा वाढ करतात. ही घटवाढ अब्जांशांत सांगितली जाते, आणि ती त्या त्या कार्डाच्या आंकड्यांत बदलून देणें हें ड्रायव्हरचें काम. येथें अधिकाऐवजीं उण्याचें चिन्ह पडलें, तर घड्याळ जुळण्याऐवजीं दर क्षणीं अधिकच दूर जाईल.

कार्डांत सोय असून ड्रायव्हराअभावीं ती पडून राहिल्याचें उदाहरण जुनें नाहीं. रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाचा ‘कंप्यूट मॉड्यूल ४’ हा अवतार ऑक्टोबर २०२० मध्यें बाजारांत आला. त्यावर ब्रॉडकॉमची जी चकती तारेस भिडते, तिच्यांत वेळेचा शिक्का मारण्याची शक्ति होती. मूळ लिनक्समध्यें त्या चकतीच्या या शक्तीला ड्रायव्हर मिळाला तो ऑक्टोबर २०२२ च्या आवृत्तींत. दोन वर्षें ज्यांनीं तें यंत्र विकत घेतलें, त्यांनीं घड्याळाचेहि पैसे भरले होते. तें वाजविणारा तेवढा आला नव्हता.

यावरून एक गोष्ट सरकारी खरेदीखात्यांनीं ध्यानीं घ्यावयास हवी. निविदेंत ‘वेळेच्या शिक्क्याची सोय असलेलें कार्ड’ एवढेंच लिहून भागत नाहीं; त्या सोयीचा ड्रायव्हर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें, कोणत्या आवृत्तीपासून आहे, आणि तो उघड आहे कीं कंपनीच्या तिजोरींत आहे, हें विचारलें पाहिजे. कंपनी खणांचे पत्ते गुप्त ठेवते तेव्हां तिच्याखेरीज कोणासच ड्रायव्हर लिहितां येत नाहीं, आणि तिनें तें कार्ड विकणें बंद केलें कीं ड्रायव्हरहि म्हातारा होतो. उपकेंद्राचें आयुष्य तीस-चाळीस वर्षांचें असतें. उघड ड्रायव्हराची गोष्ट निराळी : त्यांतील प्रत्येक ओळ जामनेरच्या विद्यार्थ्यासहि आपल्या घरीं वाचतां येते, आणि चूक दिसली तर दुरुस्ती सुचवितां येते. सुचविलेली दुरुस्ती चारचौघांत तपासली जाते, पुष्कळदां परतहि येते. तो अपमान नव्हे, ती रीत आहे. आपल्या संगणकांतील कार्डाला ही विद्या अवगत आहे कीं नाहीं, हें पाहावयास लिनक्समध्यें एथटूल नांवाची एक छोटी आज्ञावली आहे. ती कार्डाची पत्रिकाच मांडते. तींत केवळ सॉफ्टवेअरच्या शिक्क्याचाच उल्लेख असेल, तर नोंद कचेरींतच होते आहे असें समजावें.

शिक्का उंबरठ्यावर मारला तरी उंबरठ्यासहि जाडी असते. शिक्का मारणारा भाग आणि प्रत्यक्ष तार यांच्या मध्यें विजेचे संकेत घडविणारा आणखी एक टप्पा आहे, आणि तेथें पॅकेटास थोडा वेळ लागतो. हा वेळ स्थिर असल्यामुळें वजा करतां येतो, मात्र तो जाळ्याच्या वेगाप्रमाणें बदलतो. इंटेलच्या आय-२१० या कार्डाच्या ड्रायव्हरांत हे आकडे एकाखालीं एक लिहून ठेवलेले आहेत : सेकंदाला १,००० मेगाबिटांच्या वेगास जातांना १७८ व येतांना ४४८ नॅनोसेकंद, १० मेगाबिटांच्या वेगास जातांना ९,५४२ व येतांना २०,६६२. ही वजाबाकी एकाच टोकाच्या ड्रायव्हरांत राहून गेली, तर मोठ्या वेगावरहि घड्याळ १३५ नॅनोसेकंदांनीं चुकतें. दोन्ही टोकांस सारखींच कार्डें असून ती दोन्हीकडे राहून गेली, तर चुका परस्परांत विरून जातात आणि सारें ठीक असल्याचा भास होतो. यास्तव नवा ड्रायव्हर तपासतांना तारेच्या दुसऱ्या टोकास निराळ्या बनावटीचें कार्ड जोडावें लागतें.